पिंपाच्या जोडावरची टेप

— नाही नाही, तोटीकडे बघूच नका, तोटी ठणठणीत आहे — गळती मागे आहे, फ्रिजच्या आत, पिंपाच्या डोक्यावर. वाका थोडं. हां. तो जोड दिसतो ना, ज्यातून एक नळी वर जाते, बीअरची, आणि एक बाजूला, गॅसची — तिथे. बोट फिरवा. ओलं लागलं? लागणारच. चिकट आहे ना? बीअर सुकली की चिकट होते, मुंग्या लागतात, बायको ओरडते. मी काही अगदीच अनाडी नाही, मिस्त्री. पाणीपुरवठा खात्यात जन्म गेला माझा, गळतीच्या तक्रारी घ्यायच्या टेबलावर. फोन वाजला की 'कुठे गळतंय, कधीपासून गळतंय, थेंब थेंब की धार?' — बायको म्हणते मी हे झोपेतसुद्धा विचारायचो. पाना कधी हातात धरला नाही ते सोडा, पण गळती म्हणजे काय ते मला कोणी शिकवायला नको. तुम्ही विचारलं नाहीत, तरी मीच सांगतो — थेंब थेंब. आणि कधीपासून? ते जरा लांबण आहे. तुम्ही बघा आधी.

वरचा आवाज ना? दचकू नका, पलंग सोडवतायत. आमचा धाकटा भाऊ चाललाय घर सोडून. बाहेर टेम्पो दिसला असेल तुम्हाला — फाटकात आडवा लावलाय, माणसाने आत यायचं कसं याचा विचार नाही. आईवडिलांनी बांधलेलं घर आहे हे, वरचा मजला त्याचा, खालचा माझा, आणि जिन्याखालची ही खोली दोघांची. का चाललाय? बायकोचे गुडघे. तिला जिना चढवत नाही, म्हणून लिफ्टवाल्या इमारतीत घर बघितलं. गुडघे! चांगलं कारण आहे, गुडघ्यांना कोणी उलट बोलू शकत नाही. आणि हे मला कोणी सांगितलं? त्याने? छे. त्याने त्याच्या बायकोला सांगितलं, तिने माझ्या बायकोला, आणि माझ्या बायकोने मला, भांडी घासता घासता, माझ्याकडे पाठ करून. दीड वर्ष हेच चाललंय आमच्याकडे. 'त्यांना सांगा, वरच्या टाकीचा कॉक बंद करा.' 'त्यांना सांगा, केलाय.' एकाच व्हरांड्यात उभे असतो हो आम्ही, हातभर अंतरावर, आणि मध्ये बायकांना उभं करून बोलतो. पाहुणा आला तर पाहुण्याला उभं करतो. एकदा तर दूधवाल्याला केलं. बायका बिचाऱ्या आधी हसायच्या. आता हसत नाहीत.

तर काल निरोप आला, त्याच वाटेने. काय निरोप? 'बीअरचं यंत्र खालीच राहू दे म्हणावं, तसंही गळतंय.' बघा! 'तसंही गळतंय'! म्हणजे भंगार झालंय, म्हणून उदार होऊन मला सोडून चालले. आणि भंगार झालं कोणामुळे? अर्थातच माझ्यामुळे, कारण खाली राहतो मी, फ्रिजशेजारी राहतो मी, लक्ष ठेवायचं मी! डोकंच फिरलं माझं. म्हटलं, थांब लेका. तुझा टेम्पो हलायच्या आत मेकॅनिक आणतो, आणि त्याच्याच तोंडून वदवतो की मुळात बसवतानाच घोळ झालाय. बसवलं कोणी? त्याने. म्हणून फोनवर एवढी घाई केली तुम्हाला. तेव्हा एक करा, तुम्हाला जे काही दिसेल ना, ते जरा मोठ्याने बोला. जिन्यात आवाज घुमतो, वरपर्यंत स्वच्छ जातो. तुम्ही फारच हळू बोलता हो. बोलताच कुठे म्हणा.

पाना तो नाही, मोठा घ्या. गच्च बसलाय ना नट? लावा जोर. — फ्रिज बघितलात? हा आमच्या आईचा. आई गेली आणि फ्रिज चालूच राहिला, फेकवेना. तेव्हा धाकटा म्हणाला, दादा, याच्या दारात भोक पाडू, आत पिंप ठेवू, शेजारी गॅसचा सिलिंडर, बाहेर तोटी — घरच्या घरी ताजी बीअर, बारमध्ये मिळते तशी. मी म्हटलं वेड लागलं का, आईच्या फ्रिजला भोक? तर म्हणाला, आईला काहीही वाया गेलेलं आवडायचं नाही, आईने स्वतः पाडायला लावलं असतं. त्याचा हात बघायला हवा होता तुम्ही. दातांच्या कवळ्या बनवतो तो, मेणात एकेक दात लावणारी बोटं आहेत त्याची. भोक पाडलं ते असं, की आजूबाजूच्या रंगावर ओरखडा नाही. आणि मी काय केलं? मी टॉर्च धरला. मला आपला नेहमी टॉर्चच. 'दादा, जरा डावीकडे. दादा, हलवू नकोस.' मी मोठा आहे हो त्याच्यापेक्षा, चांगला पाच वर्षांनी.

मग दर रविवारी, जेवणाआधी, आम्ही दोघं इथे. फार काही मोठं नाही, एकेक ग्लास, कधी दीड. पहिल्या ग्लासात नुसता फेस येतो, हे तुम्हाला माहीतच आहे — तो ग्लास माझा. मोठ्याचा मान म्हणून. हे त्यानेच ठरवलेलं, लबाडाने. मी फेस प्यायचो, मिशीला लागायचा, तो हसायचा, आणि दुसरा ग्लास, स्वच्छ, सोनेरी, तो याचा. बोलायचो तरी काय? कुठल्या म्हातारीची कवळी भर लग्नात निसटली, कुठल्या गल्लीत पाइप फुटला. बस. आतून बायका हाका मारायच्या, जेवण गार होतंय म्हणून, आणि आम्ही आपले 'आलो, आलो'. आयुष्यात मला कोणी विचारलं असतं ना, तुझं बरं चाललंय का, तर मी रविवारी दुपारी हो म्हटलं असतं. इतर दिवशी सांगता येत नाही.

बिघडलं कुठे ते सांगतो. माझ्या मुलीचे सासू-सासरे पहिल्यांदाच आले होते घरी. मी मोठ्या हौसेने व्याह्यांना इथे घेऊन आलो, म्हटलं आमच्या घरची गंमत बघा. ग्लास भरला, व्याह्यांनी घोट घेतला, चेहऱ्यावर काहीच नाही. सभ्य माणूस, 'छान आहे' म्हणाले. तेवढ्यावर भागलं असतं. पण आमचा धाकटा — त्याने ग्लासाला नाक लावलं, एक घोट घेतला, आणि सगळ्यांसमोर म्हणाला, 'बसलीये बीअर, जीवच नाही तिच्यात. दादा नळी धूत नाही.' एवढंच. तुम्हाला वाटेल, यात काय झालं? यात काय झालं! व्याह्यांसमोर, मिस्त्री! मुलगी दिलेल्या घरासमोर! दर पंधरवड्याला नळी धुवायचो मी, कोमट पाणी, ती पावडर, मागून परत साधं पाणी, सगळं शिस्तीत. त्यालाही ठाऊक होतं ते. नुसती हुशारी दाखवायची होती त्याला. मी काही बोललो नाही. ग्लास ठेवला, व्याह्यांना घेऊन बाहेरच्या खोलीत जाऊन बसलो. ते गेल्यावरही बोललो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्याने यायला हवं होतं ना? 'दादा, चुकलं' — दोन शब्द. मी रविवारी स्टूल टाकून बसायचो इथे. दार उघडं ठेवून. हवा खेळावी म्हणून. एकदाही आला नाही. दीड वर्षात या खोलीत पाऊल टाकलं नाही त्याने, हे मी तुम्हाला कोणाचीही शपथ घेऊन सांगतो. यंत्र मेलं का जगलं, काही पडलेली नव्हती. गळायला लागलं तेव्हाही मीच आपला रोज सकाळी येऊन —

काय झालं? सुटला नट? — ही टेप ना, पांढरी? ती मी लावलीये. नळाला लावतात तशी. काय? इथे लावायचीच नसते? म्हणजे? — हं. — हं. म्हणजे हा जोड टेपवर चालतच नाही, आतल्या वॉशरवर चालतो, आणि टेप लावली की नट नीट टेकत नाही. असेल. असेल बुवा. आमच्या खात्यात सगळीकडे हीच लावायचे, निदान फोनवर तरी तसंच सांगायचे. काढा मग ती. पण एवढी? एवढी नाही हो लावली मी. दोन-तीन वेढे. बरं, पुन्हा दोन-तीन, गळणं थांबेना म्हणून. ही तर लोकरीचा गुंडा झालीये — थांबा. थांबा जरा. हळू सोडवा. उजेडात धरा बघू. हे टोक बघा, वाकडंतिकडं, ताणून तोडलेलं — हे माझं. मी दाताने तोडतो. आणि हे त्याच्या खालचं — हे सरळ आहे. ब्लेडने कापल्यासारखं सरळ. आणि गुंडाळलीये बघा कशी. माझी अशी जाते, घड्याळाच्या काट्यासारखी. ही उलटी. उलटी आहे ना? चष्मा आणला नाहीये मी, तुम्ही सांगा.

डावरा आहे तो. धाकटा. लहानपणी भोवऱ्याला दोरी गुंडाळायचा तीही उलटीच, मग तो भोवरा मला फिरवता यायचा नाही, म्हणून मार खायचा माझ्या हातचा. आणि दात बनवणारा माणूस, पण कोणी दाताने दोरा तोडताना दिसला की याच्या अंगावर काटा. खिशात कायम छोटं ब्लेड, मेण कापायचं. — सोडवा पुढे. ही माझी. बरं. ही — ही परत त्याची. ही माझी. ही त्याची, सरळ टोक. माझी. त्याची. अरे, हे काय — किती आहेत हो? नाही, मोजू नका. मोजू नका म्हणतो ना!

म्हणजे येत होता. कधी येत होता? मी दुपारी जेवून तासभर आडवा होतो. ते माहीत आहे त्याला, शाळेत होतो तेव्हापासून माहीत आहे. मी सकाळी यायचो, तो कामावर गेला की. आणि हा दुपारी जेवायला घरी आला की यायचा, मी झोपलो की. आणि तरीच मी म्हणायचो, तोटीखालचा ट्रे कोण पुसून ठेवतं? बायकोला म्हटलंही एकदा, बरं झालं पुसलास तो, तर ती काही बोलली नाही. बोलली नाही! तिला ठाऊक होतं. दोघींना ठाऊक असणार. दोघी मिळून बघत होत्या, हा सकाळी उतरतोय, तो दुपारी उतरतोय, आणि — काय माणूस आहे बघा! स्वतःच्या घरात चोरासारखं यायचं, टेप लावायची, ट्रे पुसायचा आणि पाय न वाजवता वर जायचं! लाज नाही वाटली? एक हाक मारायला काय झालं होतं? 'दादा, गळतंय रे.' एवढं तरी! हो, मीही मारली नाही. ठीक आहे. पण मी का मारू? मला कोणी बोललं होतं, मी कोणाला बोललो नव्हतो. त्याच्यात फरक आहे. आहे की नाही? तुम्ही मान तरी हलवा.

हे काय दाखवताय? हा वॉशर? मला वाटलं, कसला तरी चुरा आहे. चिरडलाय? जास्त आवळल्यामुळे? कोणी आवळला एवढा, मी तर अर्धाच फेरा द्यायचो हो, दर वेळी अर्धाच — हां. म्हणजे माझा अर्धा. आणि दुपारी त्याचा अर्धा. आणि परत गळतंय म्हणून सकाळी माझा. — मिस्त्री, हे आता मोठ्याने नका बोलू. मघाशी मी म्हटलं होतं ते राहू द्या. हळूच बोला.

आणि आता साबणाचं पाणी कशाला? बीअर वरून गळतेय, ही बाजू तर गॅसची. इथे काही — अरेच्चा. बुडबुडे. इथूनही जातंय? कधीपासून? — बीअर गळायच्या बऱ्याच आधीपासून म्हणता? हा वॉशर मूळचाच, आणि वाळून कडक झालेला. एवढंसं बारीक जातंय म्हणून कळलं नाही. बरं, मग गॅस गेला की काय होतं? सिलिंडर लवकर संपतो, आणि? — काय म्हणालात? परत म्हणा. बीअर बसते. गॅस कमी पडला की बीअर बसते. आणि नळी धुतली नाही तर? आंबूस लागते, वास येतो. पण बसत नाही. बसत नाही ना? नक्की? — मग त्या दिवशी, व्याह्यांसमोर, हे होतं? हे नखाएवढं रबर? माझी नळी स्वच्छ होती! होतीच! मी म्हणत नव्हतो! म्हणजे म्हटलं नाही मी कोणाला, पण होती. आणि तो बोलला तेही आपला समजून बोलला, त्याला वाटलं नळी. वाटणारच. मलाही तेच वाटलं असतं, मी त्याच्या जागी असतो तर. मी व्याह्यांसमोर बोललो नसतो, ते वेगळं. ते वेगळंच आहे. पण दीड वर्ष हो! या रबरापायी!

बदला. दोन्ही बदला, नवे घाला, चांगल्यातले घाला. तुम्ही करा काम, मी आपला बोलतो, माझे हात मोकळे असले की मला बोलावं लागतं. तुमच्या घराला जिना आहे? नाही? सुखी आहात. एक सांगू? हे कोणाला बोललो नाहीये, बायकोलाही नाही. ती गुडघ्यांची बातमी आली ना, त्यानंतर एक दिवस ही बाहेर गेलेली असताना मी टेप घेतली, मापाची, आणि आमच्या खोल्या मोजल्या. खालच्याच, वर कसा जाणार मी? पण वरच्या खोल्या खालच्याच भिंतींवर उभ्या आहेत, तेवढ्याच असणार. आमचं कपाट वर कुठे बसेल, आमचा पलंग कुठल्या भिंतीला लागेल, सगळं बघितलं. माझे गुडघे ठणठणीत आहेत, मिस्त्री. आमच्या हिचेही. त्यांनी खाली यावं, आम्ही वर जावं. झालं! कशाला लिफ्ट आणि कशाला ती इमारत? एका दिवसाचं काम, दोन हमाल लावले की संपलं. एवढं एक वाक्य होतं. 'तुम्ही खाली या, आम्ही वर जातो.' बायकोकडून निरोप पाठवायचा, तर तो काही टाकीचा कॉक नाही ना, की सांगा त्यांना म्हणून सोडून दिलं. असलं वाक्य आपल्या तोंडाने म्हणावं लागतं. रोज म्हटलं, आज म्हणू. मग म्हटलं, आधी त्याला त्या दिवसाचं बोलू दे, मग म्हणू. तेवढ्यात ते घर बघून आले, मग ठरलं, मग वरचे पडदे उतरले. पडदे नसले की घर कसं उघडंनागडं दिसतं बाहेरून, नाही?

— अजून भरतायत ना टेम्पो? ऐका. कपाट सरकवल्याचा आवाज आहे, म्हणजे वेळ आहे अजून. आवरा तुम्ही. यंत्र चालू झालं की ग्लास भरतो आणि जिन्यात जाऊन हाक मारतो. सरळ हाक मारतो, बघाच. ग्लास हातात असला की माणसाला बोलता येतं. टेम्पोवाल्याला काय, जेवढं भरलंय तेवढं उतरव म्हणायचं. चार शिव्या घालेल, घालू दे.

सोडा गॅस. — आहे बुडबुडा? एकही नाही? वरही कोरडं? बघा परत. काय गंमत आहे, एक बारीक आवाज असायचा इथे, सूंऽऽ असा, मला वाटायचं फ्रिज म्हातारा झालाय. तो थांबला. बरं वाटतं आणि — असो. द्या तो ग्लास. नाही, मी भरतो. हे बघा, फेस. पहिला फेसच. येऊ दे, बसेल खाली —

मागे वळू नका. आलाय. दारात उभा आहे. हातात किल्ल्या आहेत, त्या द्यायला आला असेल. तुम्ही आपले पिशवीत बघा.

— मिस्त्री, त्यांना सांगा, गळती थांबली. सांगा ना. दोन वॉशर गेले होते म्हणावं, बाकी यंत्र उत्तम. ज्याने बसवलं त्याने उत्तम बसवलंय, असं मेकॅनिकच म्हणतात म्हणावं. — काय म्हणाले ते? ऐकू आलं मला, पण तुम्ही सांगा. गॅस किती ठेवलाय? काटा बारावर आहे म्हणावं. जास्त वाटतोय त्यांना? बरं, दहावर आणतो. हा आणला, सांगा त्यांना. आणि नळी — नको, नळीचं राहू द्या. त्यांना विचारा, कपाट निघालं का जिन्यातून? वळणावर अडकतं ते, आधी पाय काढावे लागतात. काढले? हां, मग झालं. आणि तिकडची लिफ्ट, विचारा, नीट चालते ना? कुठे कुठे बंद पडतात म्हणून विचारलं आपलं. वीज गेली तर? — जनरेटर आहे? मग काय, उत्तमच. गुडघ्यांना उत्तम. तिथे पाणी कसं आहे, दाब कसा आहे? चांगला आहे. चांगला असला म्हणजे झालं. — टेम्पोवाला हॉर्न देतोय. देऊ दे. त्यांना सांगा, फेस खाली बसला की दुसरा ग्लास भरता येईल, दोन मिनिटं लागतील. दोन मिनिटांनी काही — हो का. उशीर होतोय. बरोबर आहे, तिकडे उतरवायचं पण आहे. — मिस्त्री, सांगा ना. ते मघाचं. मी मघाशी म्हणालो ते, खालचं वरचं. तुम्हाला माहीत आहे. असे माझ्याकडे काय बघताय? त्यांच्याकडे बघा, सांगा —

गेला.

किल्ल्या ठेवून गेला फळीवर. — उभा होता ना पण? बराच वेळ उभा होता. हॉर्न वाजल्यावरही उभा होता, तुम्ही पाहिलंत. लिफ्टचं विचारलं तेव्हा तर तो दारातून एक पाऊल आतसुद्धा आला होता. कशाला आला असेल आत? किल्ल्या दारातून देता आल्या असत्या. बायकोकडे देता आल्या असत्या! दीड वर्ष सगळं तिच्याकडूनच येत होतं की! आणि मी काय विचारलं? पाण्याचा दाब. जन्मभर लोकांना विचारला तो पुरला नाही. — नाही, तुम्ही बोलू नका आता. आता कशाला बोलता? मला धावता येत नाही असं थोडंच आहे, गुडघे चांगले आहेत माझे, सांगितलं ना. पण टेम्पोमागे धावू मी? या वयात? गल्लीतले लोक बघतायत, आणि धावत जाऊन काय, लिफ्टचं अजून थोडं विचारायचं राहिलं म्हणू?

फाटक लागलं. ऐकलंत? गेलेच.

तुम्हाला तोंड होतं ना? परका माणूस तुम्ही, तुमचा काय मान अडकला होता? सहज म्हणून गेला असतात, पिशवी भरता भरता — 'अहो, तुमचे दादा म्हणतायत, खाली राहायला या.' संपलं असतं. हसले असते सगळे. टेम्पो फाटकातच असता. माझी सगळी कर्मकथा ऐकून घेतलीत, एक अक्षर चुकवलं नाहीत, आणि ऐन वेळी मूग गिळून बसलात. माझी गोष्ट वेगळी आहे, मी त्याचा मोठा भाऊ आहे, मला नाही जमत. तुम्हाला काय झालं होतं? काय गेलं असतं तुमचं?

उचला ती हत्यारं. ग्लास राहू द्या तिथेच, हात लावू नका. निघा तुम्ही. निघा म्हणतो ना — मला वर जायचंय. घाईत गेलेत, खिडक्या उघड्याच टाकल्या असतील.